आखातातील नोकरीची मुलाखत : हातचे कसब आणि कागदावरचा पगार

रत्नागिरी-रायगडकडची आमची मुले आजही आखाताची वाट धरतात. चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धन भागात एक पिढी जाऊन परतली, दुसरी तिकडे आहे आणि तिसरी पासपोर्ट काढून तयार आहे. मुलाखतीची तयारी मात्र "साहेब विचारतील ते सांगू" एवढीच असते. मुंबईत एजंटाच्या कार्यालयात कंपनीचा प्रतिनिधी बसतो. बाहेर रांग असते आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटे येतात.

कसबी कामगाराची खरी मुलाखत ट्रेड टेस्टमध्ये होते. पाइप वेल्डरचे उदाहरण घ्या. '६ जी' परीक्षेत पाइप ४५ अंशांत तिरका, पक्का बसवलेला असतो. तो फिरवायचा नसतो. वेल्डरनेच त्याच्याभोवती फिरून खालून, बाजूने व वरून जोड पूर्ण करायचा. त्यातील पहिला थर, म्हणजे रूट, आतपर्यंत सारखा उतरला पाहिजे. तो कच्चा राहिला तर वरचा थर कितीही देखणा असो, एक्स-रेमध्ये किंवा जोड वाकवून पाहताना दोष उघडा पडतो. गावात ग्रील आणि गेट करणाऱ्याचा हात सपाट कामाला सरावलेला असतो. त्याने परीक्षेच्या आदल्या दिवशी '६ जी' शिकू म्हणणे व्यर्थ आहे. त्यासाठी आधी काही महिने सराव हवा. इलेक्ट्रिशियनला स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी करायला सांगतात, मेगर कसा वापरावा ते विचारतात. काम सुरू करण्यापूर्वी सप्लाय बंद करून कुलूप व टॅग लावतो, हे ज्याने न विचारता सांगितले त्याच्याकडे साहेब मान वर करून पाहतो. सौदी अरेबियासाठी काही ट्रेडना त्यांच्या सरकारची वेगळी कौशल्य चाचणीही असते. आपला ट्रेड त्यात आहे काय, हे आधीच विचारून घ्यावे.

इंग्रजीची धास्ती घेऊ नये. आपल्या हत्यारांची नावे आणि आपण कुठे, किती वर्षे, कोणते काम केले ही चार वाक्ये नीट बोलता आली तरी पुष्कळ झाले. पण अनुभवाचा खोटा दाखला मुळीच जोडू नये. साइटवर पहिल्याच आठवड्यात हात बोलू लागतात. तिथून परत पाठवलेल्या मुलाचे कर्ज घरच्यांना फेडावे लागते.

निवड झाल्याचे कळताच मुले हरखून जातात व पुढे काही विचारत नाहीत. विचारायची वेळ तीच! पहिला प्रश्न, मूळ पगार किती व भत्ते किती? संयुक्त अरब अमिरातीत नोकरी सोडतानाची ग्रॅच्युइटी मूळ पगारावर ठरते. पहिल्या ५ वर्षांत दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार मिळतो. समजा, दोघांना एकूण १,५०० दिऱ्हम मिळतात. एकाचा मूळ पगार ८००, दुसऱ्याचा १,२००. पाच वर्षांनी पहिल्याला २,८०० आणि दुसऱ्याला ४,२०० दिऱ्हम मिळतील. ओव्हरटाइमचा हिशेबही मूळ पगारावरच होतो. म्हणून मोठा आकडा ऐकून मान डोलावू नये. राहणे, जेवण, परतीचे तिकीट कोणाचे, करार किती वर्षांचा, हेही कागदावर घ्यावे.

दहावी नापास मुलाच्या पासपोर्टला साधारणपणे 'ईसीआर' लागू असते. आखाती देशांत नोकरीसाठी जाताना त्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते. काहींना हे विघ्न वाटते. आमच्या मते ते संरक्षण आहे, कारण त्यात करार तपासला जातो व प्रवासी भारतीय बीमा योजनाही घ्यावी लागते. २ वर्षांसाठी २७५ रुपये भरून अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वास १० लाखांचे संरक्षण मिळते. ही परवानगी टाळण्यासाठी "व्हिजिट व्हिसावर चल, तिकडे बदलून देतो" म्हणणारे भेटतात. तिकडे कामाचा व्हिसा मिळाला नाही, तर पगार बुडाल्यावर दाद मागायची कोणत्या कागदावर?

एजंट नोंदणीकृत आहे की नाही, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर परवाना क्रमांकावरून कळते. गावात फिरणाऱ्या त्याच्या हस्तकाला परवाना नसतो, मग तो नात्यातला असो की मोहल्ल्यातला. एजंटाला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपयांपर्यंतच घेता येतात, तेही पावती देऊन. लाखभर मागणाऱ्याला परवाना क्रमांक विचारा. कराराची, व्हिसाची व पावतीची एकेक प्रत निघण्यापूर्वी घरी वालिद किंवा भावाजवळ ठेवावी.