ग्वाल्हेरची सहल : काय पाहावे, काय ऐकावे

आपल्या महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहली उत्तरेकडे निघाल्या की दिल्ली, आग्रा आणि जमल्यास अजमेर असा क्रम ठरलेला असतो. ग्वाल्हेर वाटेवरच असते, पण ते बहुधा गाडीच्या खिडकीतूनच पाहिले जाते. ज्या सहलींत त्याचा समावेश असतो त्यांतही त्याच्या वाट्याला अर्धा दिवस येतो. सकाळी किल्ला, दुपारी जयविलास राजवाडा आणि संध्याकाळी आग्र्याकडे प्रस्थान. काही वर्षांपूर्वी एका सहल कंपनीने पाठविलेल्या कार्यक्रमपत्रिकेत तानसेनच्या कबरीपुढे कंसात 'वेळ उरल्यास' असे शब्द छापलेले होते. वेळ उरत नाही, हे अशा सहली नेलेल्या प्राध्यापक बंधुभगिनींना सांगावयास नको.

ग्वाल्हेर हे पाहण्याचे शहर आहेच, पण त्याहून अधिक ते ऐकण्याचे शहर आहे. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी युनेस्कोने आपल्या सर्जनशील शहरांच्या जाळ्यात त्याला 'संगीताचे शहर' म्हणून स्थान दिले, त्याचे कारणही हेच. मराठी आणि उर्दू शिकविणाऱ्या आपल्यासारख्यांना तर या शहराचे विशेष महत्त्व आहे, कारण या दोन्ही भाषांच्या वाटा येथे एकमेकींना अनेकदा छेदून गेल्या आहेत. म्हणून 'वेळ उरल्यास' या सदरात जे टाकले जाते ते आधी ठेवून सहल कशी आखता येईल, हे प्रस्तुत लेखात मांडले आहे.

प्रवास अवघड नाही. वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस मडगाव, बेळगाव, मिरज, पुणे, भोपाळ करीत ग्वाल्हेरवरूनच निजामुद्दीनला जाते. मुंबईकडून पंजाब मेल आहे. आग्रा येथून सुमारे १२० किलोमीटर आहे, म्हणजे मुक्काम ग्वाल्हेरला ठेवून आग्रा एका दिवसात करणेही शक्य आहे. हा उलटा विचार सहसा कोणी करीत नाही.

किल्ला

किल्ल्यावर काय आहे हे कोणताही वाटाड्या सांगेल, म्हणून येथे विस्तार करीत नाही. राजा मानसिंह तोमर (कारकीर्द १४८६ ते १५१६) याने बांधलेला मानमंदिर राजवाडा, त्याच्या भिंतींवरील निळ्या-पिवळ्या फरश्यांतील हत्ती, मगरी आणि बदकांच्या रांगा. उंच शिखराचे तेली का मंदिर. १०९३ मधील सास-बहू मंदिर. मात्र तीन ठिकाणी शिक्षकाने स्वतः बोलणे आवश्यक आहे.

पहिले ठिकाण चतुर्भुज मंदिर. वाटेवरचे हे लहानसे मंदिर गणिताच्या प्राध्यापकांनी चुकवू नये. इ.स. ८७६ च्या येथील शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे आजच्यासारख्या शून्याने लिहिलेले आहेत. मंदिराला दिलेल्या बागेची लांबी आणि रोज द्यावयाच्या फुलांच्या माळा यांची ती नोंद आहे. 'जगातील सर्वांत जुने शून्य' असे येथे ऐकावयास मिळते. ते खरे नाही, कारण कंबोडियातील इ.स. ६८३ च्या लेखात बिंदूच्या रूपात शून्य आढळते. भारतात दगडावर कोरलेल्या जुन्या शून्यांपैकी हे एक, एवढे सांगितले तरी विद्यार्थ्यांचे कुतूहल कमी होत नाही.

दुसरे ठिकाण उरवाई दरवाजाकडील जैन मूर्तींचे. तोमरांच्या काळात, पंधराव्या शतकात, कड्यात कोरलेल्या या मूर्तींतील सर्वांत उंच मूर्ती सुमारे सतरा मीटरची आहे. बाबराने १५२८ मध्ये किल्ला पाहिला. या मूर्ती विद्रूप करण्याचा आदेश आपण दिला, असे त्याने आपल्या आठवणींत स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याच आठवणींत मानसिंहाच्या राजवाड्याचे बारकाईने आणि कौतुकाने केलेले वर्णनही आहे. ही दोन्ही विधाने एकत्र वाचून दाखवावीत. एक लपवून दुसरे सांगितले तर विद्यार्थी ते राहिलेले पुढे इतर कोणाकडून तरी ऐकतो, आणि मग आपल्यावरचा त्याचा विश्वास उडतो.

तिसरे ठिकाण पायथ्याचा गुजरी महाल. तो मानसिंहाने राणी मृगनयनीसाठी बांधला, असे मानतात. आता तेथे पुरातत्त्व संग्रहालय असून ग्यारसपूरची छोटी पण अप्रतिम शालभंजिका तेथेच आहे. मानसिंहाचा दरबार हे ध्रुपदाच्या उत्कर्षाचे मोठे केंद्र होते आणि 'मानकुतूहल' हा संगीतावरील ग्रंथ त्याच्या नावाशी जोडलेला आहे. सतराव्या शतकात फकीरुल्लाह या मोगल सरदाराने त्याच्या आधारे 'रागदर्पण' हा फारसी ग्रंथ सिद्ध केला. देशी भाषेतील संगीतशास्त्र फारसीत कसे गेले, याचे इतके सरळ उदाहरण क्वचितच सापडते.

हजीरा

शहराच्या हजीरा भागात शेख मुहम्मद गौस यांची दर्गाह आणि तिच्या आवारात तानसेनची कबर आहे. सहलीचा निदान अर्धा दिवस येथे द्यावा.

शेख मुहम्मद गौस हे शत्तारी सिलसिल्याचे सूफी. बाबराच्या आठवणींत त्यांचा उल्लेख आहे आणि हुमायूनची त्यांच्यावर श्रद्धा होती. शेरशाहाच्या काळात त्यांना ग्वाल्हेर सोडून गुजरातेत जावे लागले. तेथे अहमदाबादचे प्रसिद्ध विद्वान शाह वजीहुद्दीन अलवी त्यांचे मुरीद झाले. हि. ९७० (इ.स. १५६२-६३) मध्ये त्यांचे निधन झाले. 'जवाहिर-ए-खम्सा' हा त्यांचा ग्रंथ सूफी वर्तुळात परिचित आहे. त्यापेक्षा कमी परिचित, पण आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे काम म्हणजे 'बहरुल हयात'. हठयोगावरील 'अमृतकुंड' या ग्रंथाचे हे फारसी रूपांतर आहे. शहजादा सलीम, म्हणजे पुढचा जहांगीर, याच्यासाठी तयार झालेली त्याची सचित्र प्रत डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात असून तीत योगासनांची चित्रे आहेत. एका सूफी पीराने योगाचा ग्रंथ फारसीत आणावा आणि मोगल शहजाद्याने त्याची चित्रे काढवून घ्यावीत, ही गोष्ट वर्गात सांगितल्यावर प्रथम कोणाचा विश्वास बसत नाही.

दर्गाह अकबराच्या काळातील आहे. चौरस इमारत, कोपऱ्यांवर षट्कोनी बुरूज आणि मोठा घुमट. घुमटावर पूर्वी निळ्या फरश्या होत्या. पण पाहावयाच्या त्या जाळ्या. चारही बाजूंचा व्हरांडा दगडी जाळ्यांनी बंदिस्त केलेला आहे. सकाळच्या उन्हात आत उभे राहिले असता फरशीवर पडणारी नक्षी हळूहळू सरकताना दिसते. कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना एखादी जाळी वहीत उतरवून घेण्यास सांगावे. भूमितीचा तास आपोआप होतो.

या भव्य इमारतीशेजारी तानसेनची कबर अगदी साधी आहे. चौथऱ्यावर खांबांची एक उघडी वास्तू, एवढेच. तानसेन आधी रीवाच्या राजा रामचंद्राच्या पदरी होता. १५६२ मध्ये तो अकबराकडे गेला आणि अकबरनाम्यानुसार १५८९ मध्ये वारला. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त दरबारातील छत्तीस कलावंतांची यादी दिली आहे. तीत पहिले नाव तानसेनचे असून छत्तीसांपैकी पंधरा जण ग्वाल्हेरचे आहेत. एका शहराने दरबारी संगीताचा एवढा मोठा वाटा उचलला होता, हे त्यावरून कळते.

तानसेन मुसलमान झाला होता की नाही, तो गौससाहेबांचा मुरीद होता की केवळ श्रद्धाळू, यावर वाटाडे हिरिरीने बोलतात. त्याबाबतच्या बहुतेक कथा नंतरच्या आहेत. निश्चित एवढेच की शतकानुशतके गवयांनी या दोन कबरींना एकाच आवारात सलाम केला आहे. कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ल्याने गळा गोड होतो, ही समजूतही गवयांचीच. विद्यार्थ्यांनी झाड ओरबाडू नये, एवढे मात्र पाहावे.

उर्दूच्या प्राध्यापकांसाठी आणखी एक धागा. दिल्लीतील उर्दू काव्याच्या पहिल्या पिढीतील शाह मुबारक आबरू हे ग्वाल्हेरचे आणि गौससाहेबांच्या वंशातील. विसाव्या शतकात येथल्याच व्हिक्टोरिया कॉलेजात जाँ निसार अख्तर यांनी उर्दू शिकविले आणि निदा फाजली यांचे तरुणपणही येथेच गेले.

तानसेन समारोह

सहल डिसेंबरात काढणे शक्य असेल तर या समारोहाच्या तारखा पाहूनच काढावी. शिंद्यांच्या राजवटीत १९२४ मध्ये तानसेनचा उर्स म्हणून तो सुरू झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याचा शंभरावा सोहळा झाला. आता मध्य प्रदेश शासन तो भरविते. देशातील अव्वल दर्जाचे गायक-वादक येतात आणि प्रवेशासाठी तिकीट नसते.

रात्रीच्या मैफली सर्वांनाच ठाऊक आहेत, पण खरे वैशिष्ट्य पहिल्या दिवशीच्या सकाळचे. कबरीजवळ आधी सनई वाजते. मग ढोलीबुवांच्या मठाचे महाराज हरिकथा सांगतात. त्यानंतर मौलवी मिलाद पढतात आणि कबरीवर चादर चढविली जाते. ढोलीबुवांचा मठ हा ग्वाल्हेरातील मराठी परंपरेचा. म्हणजे मराठी वळणाची हरिकथा आणि उर्दूतील मिलाद हे दोन्ही एका गवयाच्या कबरीपाशी, एकाच सतरंजीवर बसून ऐकता येतात. सकाळी मंडप बराचसा रिकामा असतो, कारण प्रवासी तेव्हा किल्ल्यावर असतात.

शेवटच्या टप्प्यातील एक सभा तानसेनचे जन्मगाव मानल्या जाणाऱ्या बेहट येथे आणि एक गुजरी महालात होते. बेहट शहरापासून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास आहे. तेथे झिलमिल नदीकाठी उघड्यावर ध्रुपद ऐकावयास मिळते.

लष्कर

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. तो तळच पुढे शहर झाला आणि नावही 'लष्कर' असेच राहिले. जवळचा 'कंपू' हा भाग मराठी कागदपत्रांतील कवायती पलटणींच्या कंपूची आठवण देतो. 'महाराज बाडा' म्हणजे आपला वाडाच. भाषेच्या विद्यार्थ्यांनी केवळ पाट्या वाचीत फिरावे, इतका मजकूर या बाजारात आहे. मराठीतील थोर कवी भा. रा. तांबे हे ग्वाल्हेर संस्थानचे राजकवी होते आणि १९४१ मध्ये त्यांचे निधन याच शहरात झाले.

याच लष्करात ख्यालगायकीचे ग्वाल्हेर घराणे वाढले. हद्दू खाँ, हस्सू खाँ आणि नत्थू खाँ यांना शिंद्यांचा आश्रय होता. हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९-१९२६). बाळकृष्णबुवांनी ही गायकी महाराष्ट्रात आणली. मिरजेला त्यांच्याकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. आज गावोगावी गांधर्वच्या परीक्षा देणाऱ्या मुलांपर्यंत ही साखळी पोचते. हद्दू खाँचे दुसरे एक शिष्य विष्णुपंत छत्रे हे सर्कशीसाठी अधिक प्रसिद्ध आहेत. गुरुपुत्र रहिमत खाँ यांना त्यांनीच सांभाळले. भूगंधर्व म्हणून गाजलेले हे खाँसाहेब १९२२ मध्ये कुरुंदवाडला वारले. ग्वाल्हेरच्या उस्तादाचा मुलगा एका मराठी सर्कसवाल्याच्या आधाराने जगला आणि कृष्णाकाठी विसावला, ही हकीकत विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी.

जीवाजीगंजातील सरोदघर हे हाफिज अली खाँ यांचे घर आता वाद्यांचे संग्रहालय आहे. ते लहान आहे, तासाभरात होते. भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली १९१८ मध्ये सुरू झालेले माधव संगीत महाविद्यालयही शहरात आहे. आधी पत्र पाठवून परवानगी घेतल्यास एखादा तास ऐकता येतो का, ते विचारून पाहावे.

गोरखी येथील शिंद्यांच्या देवघराचा उल्लेख येथेच करावयास हवा. महादजी शिंदे हे बीडच्या मन्सूरशाह यांचे भक्त होते आणि या घराण्यात मन्सूरशाहांचा उर्स आजही पाळला जातो.

राजवाडा, जत्रा आणि परिसर

जयविलास राजवाडा (१८७४) मुलांना आवडतोच. प्रत्येकी साडेतीन टन वजनाची म्हणून सांगितली जाणारी दोन झुंबरे आणि जेवणाच्या टेबलावरून फिरणारी चांदीची आगगाडी यांसमोर गर्दी असते. २०२२ मध्ये येथे मराठ्यांच्या इतिहासाचे दालन उघडले. ते आपल्या मंडळींना जवळचे वाटेल. तिकीट मात्र स्वस्त नाही, विद्यार्थी सवलत आधी विचारावी. फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे, आणि त्याच परिसरात गोपाळ मंदिर, मोती मशीद व गुरुद्वारा जवळजवळ आहेत.

निव्वळ करमणुकीसाठी हिवाळ्यातील ग्वाल्हेर व्यापार मेळा आहे. तो माधवराव शिंद्यांनी १९०५ मध्ये सुरू केला. पाळणे, खाद्यपदार्थ, कपडे, मोटारींची विक्री, सर्व काही एकाच मैदानात. गजक तेथेच घ्यावी. किल्ल्यावरील ध्वनिप्रकाश कार्यक्रमात अमिताभ बच्चन यांचा आवाज आहे. इतिहास जुजबी आहे, पण मानमंदिराच्या भिंती रात्री पाहण्यासाठी जावे.

शहराबाहेर मुरैना जिल्ह्यातील बटेश्वरची मंदिरे एका सकाळचे काम आहे. सुमारे दोनशे लहान मंदिरे ढिगारा होऊन पडली होती. पुरातत्त्व खात्याचे के. के. मुहम्मद यांनी २००५ पासून त्यांतील अनेक दगडावर दगड ठेवून पुन्हा उभी केली, तीही डाकूंचा वावर असलेल्या मुलखात. जवळच मितावलीचे वर्तुळाकार चौसष्ट योगिनी मंदिर आहे. जुन्या संसद भवनाचा आराखडा त्यावरूनच घेतला असे तेथे ठामपणे सांगतात, परंतु तसा पुरावा उपलब्ध नाही.

दोन रात्रींचा मुक्काम पुरेसा होतो. पहिली सकाळ हजीऱ्याला, दुपार लष्करात. दुसरी सकाळ किल्ल्यावर, दुपार राजवाड्यात. तिसऱ्या दिवशी बटेश्वर किंवा बेहट. संग्रहालयांचे साप्ताहिक सुट्टीचे वार वेगवेगळे असतात, ते निघण्यापूर्वी विचारून घ्यावेत. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे दिल्लीकडच्या गाड्यांना उशीर होतो, तेव्हा परतीच्या आरक्षणात एक दिवस मोकळा ठेवावा आणि मुलांना स्वेटर आणावयास सांगावे.