तीन पावत्यांत एक फेरा

एटीएममधून आलेल्या पावतीवर नखाने जोरात रेघ ओढून पाहा. काळी खूण उमटते. शाई कुठेच नाही. रंग कागदाच्या लेपातच दडलेला असतो आणि ऊब लागली की प्रकट होतो. नखाच्या घर्षणाची ऊबसुद्धा त्याला पुरते. यंत्रात हेच काम तापणाऱ्या सूक्ष्म ठिपक्यांची पट्टी करते. एका मिलिमीटरमध्ये ८ ठिपके, म्हणजे ७२ मिमी रुंदीच्या एका ओळीत ५७६. इंटिग्रेटेड सर्किटसाठी २००० साली नोबेल मिळालेल्या जॅक किल्बी यांनीच थर्मल प्रिंटरही शोधून काढला. ही पट्टी अद्भुत आहेच, पण माझं मन अडकलं ते तिच्यामागे फिरणाऱ्या कागदाच्या रोलमध्ये.

दुकानदाराच्या बिलाच्या मशीनमधला रोल मुठीत मावतो. कोणी जवळ नसताना दिवसचे दिवस चालायच्या यंत्राला तो पुरत नाही. तिथे १५० मिमी व्यासाचा रोल धरू, मधली नळी २५ मिमीची. कागदाची जाडी ०.०६ मिमी. हिशेब केला तर निघतो सुमारे २८६ मीटर कागद, वजन सव्वा किलोच्या आसपास, आणि १५ सेंमीच्या जवळजवळ एकोणीसशे पावत्या. रोल नवा असताना बाहेरचा वेढा ४७ सेंमीचा, म्हणजे तीन पावत्या निघेपर्यंत तो जेमतेम एकदा फिरतो. संपत आला की वेढा ८ सेंमीवर येतो आणि एका पावतीसाठी त्याला जवळजवळ दोन गिरक्या घ्याव्या लागतात. पहिली पावती आणि एकोणीसशेवी पावती मात्र हुबेहूब सारखी हवी!

अवघड क्षण असतो तो सुरुवातीचा. रबरी रुळाने कागद ओढला की त्याला एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागात २०० मिमी प्रतिसेकंद वेग घ्यायचा असतो. जड रोल इतक्या घाईने हलवायचा म्हणजे कागदावर साधारण ६५० ग्रॅम वजन टांगल्याइतका ताण. त्या हिसक्याने कागद रुळावर केसभर जरी घसरला, तरी अक्षरं दबतात, क्यूआर कोड वाचताना स्कॅनर अडखळतो. रोल संपत आला की हाच ताण नगण्य होतो. मग मोटर कोणत्या रोलसाठी बेतायची?

उत्तर इतकं साधं आहे की पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झालो. रोल आणि छपाईच्या पट्टीच्या मध्ये स्प्रिंगवर झुलणारी एक दांडी बसवतात आणि कागद तिच्यावरून वळवून नेतात. हिसका बसला की दांडी झुकते, कागदाचा राखून ठेवलेला थोडासा वळसा पुढे देते, आणि तेवढ्या उसंतीत रोल सावकाश वेग घेतो. पट्टीला त्याच्या जडपणाची खबरही लागत नाही.

थांबतानाचं संकट उलटं. मोटर थांबते, पण फिरता रोल थांबत नाही आणि कागदाचा सैल ढीग साचतो. संक्रांतीला फिरकी धरणाऱ्याने बोटाचा हलका दाब ठेवला नाही की मांज्याचा कसा गुंता होतो, तसंच. म्हणून रोल ज्यावर फिरतो त्या दांड्यालाही हलका रोध देतात. तो जास्त झाला तर पुन्हा कागद ताणला जातो. हे माप साधणं हीच खरी कारागिरी, असं मला वाटतं.

काही यंत्रांत रोल नुसता पन्हाळीत ठेवतात. बदलायला सोपं, पण त्याची बाहेरची कड सतत घासत राहते आणि तो लहान होत जाईल तसा त्याचा मध्य खाली सरकतो. मी दांड्याच्याच बाजूचा. दांड्यावर मध्य हलत नाही, त्यामुळे रोलच्या सपाट बाजूकडे पाहणारा प्रकाशाचा डोळा नळीपासून ठरावीक अंतरावर बसवता येतो. त्याच्यासमोरचा कागद सरला की रोल संपत आल्याचा निरोप जातो.

नळीजवळचे वेढे घट्ट, त्यामुळे कागदाला गोल वळायची सवय लागलेली असते. बाहेर पडतानाही तो वळतो आणि तोंडाशी अडकू शकतो. म्हणून नळी फार बारीक ठेवत नाहीत. आणि कागदाचं शेवटचं टोक नळीला चिकटवत नाहीत. चिकटवलं, तर मोटर ओढत राहील आणि कागद तिथेच तटून बसेल. मोकळं ठेवल्यामुळे ते अलगद सुटतं, दांडीवरून सरकत पट्टीखालून निघून जातं, आणि मागे दांड्यावर रिकामी नळी तेवढी थोडा वेळ फिरत राहते.