कानात बसणाऱ्या इअरफोनच्या ध्वनीची परीक्षा

ध्वनी ऐकविणाऱ्या साधनांमध्ये कानाच्या छिद्रात बसविण्याचा इअरफोन हे आकाराने अगदी लहान साधन होय. करंगळीच्या पेराएवढ्या या वस्तूची किंमत मात्र शंभर-दोनशे रुपयांपासून लाखाच्याही वर जाते. एवढे द्रव्य वेचून जो ध्वनी मिळतो तो खरोखर उत्तम आहे की नाही, हे ठरवावयाचे कसे? विक्रेत्याच्या शब्दावर, किमतीच्या आकड्यावर किंवा पहिल्या क्षणी कानास वाटलेल्या गोडीवर विसंबून राहणे पुरेसे नाही. परीक्षेस पद्धत हवी. अशी पद्धत आहे, आणि तिचा बराचसा भाग सामान्य श्रोत्यासही घरी अवलंबिता येतो.

विवेचन मूर्त व्हावे म्हणून आपण एक गाव डोळ्यांसमोर ठेवू. छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील भिलाई हे नगर नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसले आहे. सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारानुसार तेथे पोलादाचा कारखाना उभा राहिला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. भारतीय रेल्वेचे रूळ तयार करणारा कारखाना म्हणून त्याची ख्याती आहे. याच भिलाईजवळच्या गनियारी गावी पंडवानी गायिका तीजनबाई यांचा जन्म झाला. महाभारताची कथा उभ्याने, हाती तंबुरा घेऊन, गात व अभिनय करीत सांगण्याच्या कापालिक शैलीसाठी त्या विख्यात झाल्या. कारखान्याच्या सेवेतही त्या होत्या. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला. म्हणजे लोखंडाचा गोंगाट आणि मानवी कंठाची थोरवी ही दोन्ही या एका परिसरात नांदली. इअरफोनची परीक्षा करणाऱ्याने या दोहोंचाही विचार करावयास हवा. तो कसा, हे पुढे दिसून येईल.

कर्णनलिका आणि तिचा अनुनाद

बाह्यकर्णाच्या छिद्रापासून कानाच्या पडद्यापर्यंत जाणारी नलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची असते. तिचे बाहेरचे तोंड उघडे व आतले टोक पडद्याने बंद असते. अशा नळीत तिच्या लांबीच्या चौपट तरंगलांबी असलेला ध्वनी विशेष घुमतो. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली असता ठराविकच स्वर निघतो हे सर्वांस ठाऊक आहे. नळीत जो घुमतो तोही तिचा असा ठराविक स्वर होय. अडीच सेंटिमीटरची चौपट दहा सेंटिमीटर होते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४,००० सेंटिमीटर धरला तर अशा ध्वनीची कंपनसंख्या दर सेकंदास ३,४०० भरते. प्रत्यक्ष कानात, कानाच्या पाळीचा व खोलगट भागाचा परिणाम मिळून, ही वाढ ३,००० कंपनांच्या आसपास सर्वांत अधिक आढळते, आणि ती दहा-पंधरा डेसिबेलपर्यंत जाते. जन्मापासून आपण सर्व आवाज या वाढीसह ऐकत आलेलो असतो. म्हणून तिची जाणीव आपणांस होत नाही.

इअरफोन कानात घातला की नळीचे उघडे तोंड बंद होते. नळी दोन्ही बाजूंनी बंद झाल्याने जुना अनुनाद नाहीसा होतो आणि त्याच्या जागी, उरलेल्या लांबीनुसार, ८,००० कंपनांच्या आसपास नवा अनुनाद उत्पन्न होतो. जी वाढ कान स्वतः करीत होता ती आता इअरफोनने करावयास हवी. ती कमी पडली तर गाणाऱ्याचा आवाज भिंतीआडून यावा तसा दबलेला वाटतो. अधिक झाली तर तोच आवाज कर्कश होतो. सर्व कंपनसंख्या सारख्याच प्रमाणात उमटविणारा इअरफोन सर्वोत्तम, ही समजूत या कारणास्तव चुकीची ठरते. कानाने गमावलेले जो योग्य प्रमाणात परत देतो तोच इअरफोन स्वाभाविक वाटतो.

बसणीचे महत्त्व

इअरफोनचे टोक कर्णनलिकेत हवाबंद बसले पाहिजे. ही परीक्षेची पहिली अट होय. बंद पोकळीतील हवा थोडी असते, त्यामुळे इअरफोनचा चिमुकला पडदा किंचित हलला तरी तिचा दाब पुरेसा बदलतो. परंतु टोक आणि त्वचा यांच्यामध्ये बारीकशी फट राहिली तर हा दाब तेथून निसटतो. खर्जाच्या ध्वनीत दाबाचा चढउतार संथ असतो, म्हणून हवेला फटीतून आत-बाहेर जाण्यास वेळ मिळतो. तार स्वरांत तेवढा अवकाश नसतो. परिणामी फटीमुळे खर्ज लोपतो व तार स्वर मात्र राहतात. एकच इअरफोन एकास भरदार आणि दुसऱ्यास पोकळ वाटतो, याचे कारण पुष्कळदा अभिरुचीत नसून रबरी टोपणाच्या मापात असते. परीक्षेपूर्वी निरनिराळ्या मापांची टोपणे लावून पाहावी. दोन्ही कानांस वेगळी मापे लागणेही संभवते.

यंत्राने केलेली मोजणी

प्रयोगशाळेत इअरफोनची मोजणी खऱ्या कानात क्वचितच करतात. त्यासाठी धातूचा एक कृत्रिम कान वापरतात. त्यातील पोकळ्या मानवी कर्णनलिकेतील हवेप्रमाणे व पडद्याप्रमाणे वागतील अशा बेताने कोरलेल्या असतात, आणि पडद्याच्या जागी मायक्रोफोन असतो. या साधनाचा आंतरराष्ट्रीय मानक १९८१ साली निश्चित झाला व पुढे त्यात सुधारणा झाली. प्रत्येक कंपनसंख्येस किती डेसिबेल ध्वनी मिळाला याचा आलेख काढला म्हणजे इअरफोनचे स्वरूप पुष्कळ अंशी उघड होते.

मात्र या आलेखास मर्यादा आहेत. ८,००० कंपनांच्या पुढे त्यातील उंचवटे इअरफोन किती खोल बसविला यावर अवलंबून असतात. शिवाय प्रत्येकाच्या कानाची लांबी-रुंदी वेगळी असते. आलेख कोणत्या आकाराचा असावा, हा प्रश्न तर यंत्राने सुटण्यासारखाच नाही. २०१२ नंतरच्या काही वर्षांत शॉन ऑलिव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्मन या कंपनीच्या प्रयोगशाळेत अनेक श्रोत्यांवर प्रयोग करून या प्रश्नाचे उत्तर शोधले. चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या ध्वनिवर्धकांपासून कानाशी जो ध्वनी पोहोचतो, त्याच्याशी जुळणारा ध्वनी बहुसंख्य श्रोत्यांना पसंत पडतो, असे त्यांना आढळले. खर्ज किती असावा याविषयी मात्र श्रोत्या-श्रोत्यांत मतभेद राहिले. त्यांच्या कार्यामुळे पसंतीचाही मोजमापाने विचार करता येतो हे स्पष्ट झाले.

परिचित ध्वनीची कसोटी

सोनार सोन्याचा कस काढावयास कसोटीचा दगड वापरतो. श्रोत्याचा दगड म्हणजे त्याच्या ओळखीचा ध्वनी. जो आवाज आपण यंत्रावाचून, समोर बसून ऐकला आहे तोच परीक्षेस घ्यावा. भिलाईच्या श्रोत्यास पंडवानीचे ध्वनिमुद्रण याकामी उत्तम आहे. महाराष्ट्रातील श्रोत्यास तेच काम कीर्तनाने साधेल. पंडवानीत निवेदन, गायन आणि वीरश्रीची आरोळी ही एकाच कंठातून क्षणाक्षणाला पालटत निघतात. तो कंठ मध्यम स्वरांची परीक्षा करतो. निवेदनातील शब्दांची व्यंजने स्वच्छ कळावीत, परंतु ‘स’ आणि ‘श’ कानास बोचू नयेत. आरोळीच्या वेळी आवाज मोठा व्हावा, पण फाटू नये. साथीतील मंजिऱ्याचा किणकिणाट हळूहळू विरत गेला पाहिजे. तो एकदम तुटला अथवा सगळ्यांवर चढून बसला, तर तार स्वरांत दोष आहे असे समजावे.

खर्जाची परीक्षा तबल्याने करावी. साध्या ताणलेल्या कातड्याच्या पडद्यातून निघणारे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत नसतात, म्हणून त्याचा नाद बेसूर असतो. तबल्यावर मात्र शाईचा लेप असतो. या लेपामुळे वरचे स्वर मूळ स्वराच्या दुपटी-तिपटीत येतात व नाद सुरेल होतो, हे चंद्रशेखर वेंकट रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले. चांगल्या इअरफोनमधून दायाँ नेमका कोणत्या स्वरात लावला आहे हे ओळखू येते, आणि बायाँवर मनगट सरकवून काढलेली मींड चढताना-उतरताना स्पष्ट कळते. वाईट इअरफोनमधून बायाँचा प्रत्येक आघात एकाच ‘धम्म’ आवाजाचा भासतो. असा खर्ज मोठा असतो, पण त्यात स्वर नसतो. पुष्कळ खरेदीदार या ठिकाणीच फसतात.

समान मोठेपणा आणि झाकलेले डोळे

दोन इअरफोनांची तुलना करताना दोघांचाही आवाज सारखाच मोठा असला पाहिजे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून असे सिद्ध झाले की, मानवी कानाची संवेदना सर्व स्वरांस सारखी नसते. हळू आवाजात खर्ज फारच क्षीण भासतो व आवाज वाढविताच तो पुढे येतो. म्हणून जो इअरफोन किंचित मोठ्याने वाजतो तो अधिक भरदार, अधिक स्पष्ट आणि म्हणून अधिक चांगला वाटतो, जरी त्याचा गुण वस्तुतः कमी असला तरी. घरगुती परीक्षेत निदान गायकाचा आवाज दोन्हींतून सारखाच मोठा येईल इतपत जुळणी करून घ्यावी.

दुसरी दक्षता नजरेविषयी घ्यावयाची. कोणता इअरफोन महाग आहे हे ठाऊक असले की कान मनाच्या बाजूने साक्ष देतो. यात अप्रामाणिकपणा नाही. तो मनाचा स्वभाव होय. डोळे मिटून, सोबत्याने क्रम न सांगता इअरफोन हाती द्यावेत, प्रत्येकाविषयीचे मत लिहून ठेवावे आणि हीच परीक्षा क्रम बदलून दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी. मते दोन्ही दिवशी जुळली तर त्यांत तथ्य आहे असे मानावे. इअरफोन स्पर्शावरून ओळखू येतो, ही या पद्धतीतील उणीव आहे. ऑलिव्ह यांच्या प्रयोगांत ती टाळण्यासाठी श्रोत्यास एकच साधन देऊन, विद्युत्‌मंडलाच्या साहाय्याने त्यातूनच निरनिराळ्या साधनांचे ध्वनी ऐकविण्याची योजना करण्यात आली होती.

किंमत आणि गुण

येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ साली २८३ हेडफोन व इअरफोन यांच्या मोजणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ध्वनीच्या आलेखाचा आकार आणि बाजारातील किंमत यांत काही संबंध असल्याचे त्यांना दिसले नाही. याचा अर्थ महाग साधने वाईट असतात असा नव्हे. टिकाऊ बांधणी, हलके वजन, दोन्ही बाजूंचा सारखेपणा यांसाठी पैसे पडतात आणि ते कधी कधी योग्यही असतात. परंतु एका कानात चार किंवा आठ ध्वनिजनक बसविले म्हणून ध्वनी आपोआप चौपट चांगला होत नाही. त्यांची परस्परांशी जुळणी साधली नाही तर जितके ध्वनिजनक अधिक तितके विसंवादाचे प्रसंगही अधिक. महिन्याच्या वेतनातून बचत करून इअरफोन घेऊ पाहणाऱ्या कामगारास ही गोष्ट मोलाची आहे. तासाभराची शिस्तबद्ध परीक्षा त्याचे हजारो रुपये वाचवू शकते.

परीक्षक कानाचे रक्षण

आतापर्यंत आपण इअरफोनची परीक्षा केली. परंतु परीक्षा करणारा कान स्वतः शाबूत आहे काय? येथे भिलाईच्या दुसऱ्या ध्वनीचा, कारखान्याच्या गोंगाटाचा, विचार करणे प्राप्त होते. तापलेले पोलाद लाटणाऱ्या आणि कापणाऱ्या यंत्रांजवळ वर्षानुवर्षे काम करणाऱ्याच्या आंतरकर्णातील सूक्ष्म केसयुक्त पेशी नष्ट होऊ शकतात. या पेशी पुन्हा उत्पन्न होत नाहीत. ही हानी बहुधा प्रथम ४,००० कंपनांच्या आसपास दिसते. संभाषण चालू राहते, वेदना होत नाही, आणि म्हणून मनुष्यास बराच काळ काही कळतही नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील ज्या रोगांची खबर देणे बंधनकारक होते, त्यांच्या यादीत गोंगाटामुळे येणाऱ्या बहिरेपणाचा समावेश करण्यात आला होता, यावरून या हानीचे गांभीर्य लक्षात येईल. असा कान मंजिऱ्याचा किणकिणाट कमी ऐकतो. त्यास कर्कश इअरफोनही समतोल वाटण्याचा संभव असतो. म्हणूनच एकाचे मत दुसऱ्यास जसेच्या तसे लागू पडत नाही.

गोंगाटाने जे घडते तेच इअरफोनच्या अतिरिक्त मोठ्या आवाजानेही घडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार प्रौढ मनुष्याने ८० डेसिबेलचा ध्वनी आठवड्यास ४० तासांपर्यंत ऐकावा. ध्वनी ९० डेसिबेल झाला की ही मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते. रेल्वेच्या डब्यात अथवा बाजारात बाहेरचा कोलाहल झाकण्यासाठी आपण नकळत आवाज चढवितो. नीट बसलेला इअरफोन बाहेरचा आवाज अडवितो, त्यामुळे तो हळू ठेवूनही ऐकता येतो. चांगल्या बसणीचा हा दुसरा लाभ ध्वनीच्या गोडीपेक्षाही मोठा आहे. तथापि कारखान्यात कर्णरक्षक साधनाऐवजी इअरफोन वापरणे सर्वथा गैर होय. तो त्या कामासाठी तपासलेला नसतो आणि त्यातील संगीतामुळे धोक्याची सूचना ऐकू न येण्याचा संभव असतो. रहदारीच्या रस्त्यावर आणि रेल्वेच्या रुळांजवळही हेच लक्षात ठेवावे.

सारांश, इअरफोनची परीक्षा या क्रमाने करावी. प्रथम बसण, नंतर समान मोठेपणा, मग डोळे मिटून परिचित कंठ व तबला, आणि शेवटी दीर्घ श्रवण. तासभर हळू आवाजात ऐकूनही कान शिणला नाही आणि आवाज वाढवावासा वाटला नाही, तर ते साधन त्या श्रोत्यास योग्य आहे असे निःशंक समजावे. इअरफोन बिघडला तर दुसरा विकत घेता येतो. कानातील पेशी मात्र कोणत्याही किमतीस मिळत नाहीत.