नंबर तोच, कंपनी नवी : पोर्टिंग नेमके कसे होते?

घरात रेंज नाही, रिचार्ज दरवेळी महाग होतो, तक्रार करून उपयोग होत नाही. तरीही पुष्कळ माणसे आहे त्याच मोबाइल कंपनीत राहतात. कारण विचारले की ठरलेले उत्तर येते, ‘नंबर बदलायला नको.’ बँक, गॅस एजन्सी, आधार, मुलांची शाळा, सगळीकडे तोच नंबर दिलेला असतो. पण कंपनी बदलण्यासाठी नंबर बदलावा लागत नाही. ही सोय २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर सुरू झाली. ३ जुलै २०१५ पासून तर दुसऱ्या राज्यात राहायला गेले तरी नंबर सोबत नेता येतो.

आधी नंबर कसा ठरतो ते पाहू. सरकार कंपन्यांना मोबाइल नंबर सुटे देत नाही, गठ्ठ्याने देते. त्यामुळे पूर्वी नंबराचे सुरुवातीचे आकडे पाहिले की कंपनी आणि सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग, ओळखता येई. कॉल कोणत्या कंपनीकडे पाठवायचा, हे यंत्रणाही त्या आकड्यांवरूनच ठरवी. पोर्टिंगमुळे नंबर आणि कंपनी यांची ही गाठ सुटली. ती सोडवण्यासाठी दोन कंपन्यांच्या मधे एक तिसरी, परवानाधारक संस्था बसवावी लागली. कोणता नंबर आज कोणाकडे आहे, याची नोंदवही ती ठेवते.

आता ग्राहकाच्या बाजूने क्रम पाहू. जो नंबर न्यायचा आहे त्याच सिमवरून १९०० या क्रमांकावर एसएमएस करायचा : इंग्रजीत ‘पोर्ट’ हा शब्द, मग एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर. रिचार्जच्या ज्या प्लॅनमध्ये एसएमएसची सोय नाही, त्यावरूनही हा एसएमएस जायलाच हवा, असा आदेश दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने डिसेंबर २०२१ मध्ये दिला आहे. तेव्हा ‘आधी मोठा रिचार्ज मारा’ असे कोणी सांगितले तर ऐकू नका.

एसएमएस पोचला की मधली संस्था जुन्या कंपनीच्या नोंदी तपासते. या कंपनीत ९० दिवस झाले आहेत का? पोस्टपेडचे मुदत उलटलेले बिल थकले आहे का? नंबर दुसऱ्याच्या नावावर करण्याचा अर्ज पडून आहे का? कोर्टाची मनाई आहे का? सगळे ठीक असेल तरच आठ अक्षरांचा कोड तुमच्या फोनवर येतो. यालाच यूपीसी म्हणतात. पूर्वी हा कोड जुनी कंपनी देई आणि नकार नंतर कळवला जाई. १६ डिसेंबर २०१९ पासून तपासणी आधी आणि कोड नंतर, असा क्रम झाला. म्हणजे कोड हातात आला की मुख्य अडथळे पार झाले, असे समजायला हरकत नाही.

महाराष्ट्रात हा कोड चार दिवस चालतो. तेवढ्यात नव्या कंपनीच्या दुकानात जाऊन कोड आणि ओळखीचा पुरावा द्यायचा. तिथे नवे सिम मिळते. विचार बदलला तर अर्ज दिल्यापासून २४ तासांच्या आत ‘कॅन्सल’ हा शब्द आणि नंबर असा एसएमएस १९०० वरच पाठवता येतो. त्याच सर्कलमध्ये पोर्टिंगला तीन कामाचे दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलमध्ये जायचे तर पाच. मुंबई आणि महाराष्ट्र ही दोन वेगळी सर्कल आहेत, तर गोवा महाराष्ट्र सर्कलमध्येच येतो. म्हणून सावंतवाडीचा माणूस पणजीला गेला तरी त्याचे सर्कल बदलत नाही. कोल्हापूरचा माणूस नवी मुंबईत आला तर बदलते.

ठरलेल्या दिवशी, बहुधा रात्रीच्या वेळी, जुन्या सिमची रेंज जाते आणि काही वेळाने नवे सिम सुरू होते. मधल्या वेळात फोन बंद असतो आणि ओटीपीही येत नाही. पैशांचे महत्त्वाचे व्यवहार त्याआधीच उरकून घ्यावेत.

यानंतर तुम्हाला कोणी फोन केला की काय होते? समजा, तुमच्या बहिणीने नंबर फिरवला. तिची कंपनी आता पहिल्या आकड्यांवर विसंबत नाही. ती आधी आपल्याजवळच्या पोर्ट झालेल्या नंबरांच्या यादीत पाहते. मधल्या संस्थेकडून आलेल्या नोंदींनी ही यादी सतत अद्ययावत होत असते. तिथे तुमच्या नंबरासमोर नव्या कंपनीचा मार्गदर्शक क्रमांक सापडतो आणि कॉल जुन्या कंपनीकडे न जाता थेट नवीकडे जातो. हा शोध इतक्या झटकन होतो की बहिणीला त्याचा पत्ताही लागत नाही. पुढे तुम्ही हा नंबर कायमचा सोडून दिलात, तर तो ज्या कंपनीच्या मूळ गठ्ठ्यातला होता तिच्याकडे परत जातो.

काही गोष्टी मात्र सोबत येत नाहीत. प्रीपेडचा शिल्लक बॅलन्स आणि उरलेली मुदत बुडते, म्हणून रिचार्ज संपत आल्यावर पोर्ट करणे फायद्याचे. पोस्टपेडचे शेवटचे बिल पोर्टिंगनंतर येते. ते थकवले तर जुन्या कंपनीच्या मागणीवरून नव्या कंपनीतही नंबर बंद होऊ शकतो. आणि एकदा पोर्ट केले की पुढचे ९० दिवस तिथेच काढावे लागतात. त्यामुळे नवे सिम घेण्याआधी त्या कंपनीचा फोन असलेल्या शेजाऱ्याला घरी बोलवा आणि स्वयंपाकघरात, आतल्या खोलीत, शेतावर रेंज किती येते ते प्रत्यक्ष पाहा. दुकानातला नकाशा गावाबाहेरच्या टॉवरचा अंदाज देतो, तुमच्या भिंतींचा नाही.

सावधगिरीची बाब एकच, पण मोठी. यूपीसी म्हणजे तुमच्या नंबराची किल्ली आहे. तो कोड आणि तुमच्या नावाचा बनावट पुरावा भामट्याच्या हाती लागला, तर नंबर त्याच्या सिमवर जाऊ शकतो आणि पाठोपाठ बँकेचे ओटीपीही. हाच धोका ओळखून १ जुलै २०२४ पासून नियम आला की सिम बदलून घेतल्यावर सात दिवस यूपीसी मिळणार नाही. न मागता असा कोड आला किंवा फोनची रेंज अचानक गेली आणि परत आलीच नाही, तर त्याच क्षणी कंपनीला आणि बँकेला कळवा.

पोर्टिंग म्हणजे कंपनीने केलेली मेहेरबानी नव्हे. तो ग्राहकाचा हक्क आहे. आपला ग्राहक कधीही उठून जाऊ शकतो, हे ठाऊक असले तरच कंपनी त्याची तक्रार मनावर घेते. म्हणून वाईट सेवा मुकाट्याने सोसू नका. आधी रीतसर तक्रार करा, दाद लागली नाही तर १९०० वर एसएमएस पाठवा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही हे करून दाखवा.