चाळीस घोडे आणि पसरणीचा घाट

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी धावेनाशी झाली. ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेल्या अखेरच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली होती. वर्तमानपत्रांतून निरोपाचे लेख आले. ते वाचून आमच्या संपादकांनी विचारलं, टॅक्सी गेली, पण पुण्यात घरोघरी ज्या पद्मिनी होत्या त्यांचं काय? बघून या. शोधता शोधता एका निवृत्त दांपत्याची गाडी सापडली. दर वर्षी दिवाळीच्या आधी ती पुण्याहून वाईमार्गे पाचगणीला जाते, पसरणीचा घाट चढून. हे कळल्यावर मी बाकीच्या गाड्यांचा शोध थांबवला.

गाडीचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगतो. वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे; इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर त्यांच्याच नावाचं. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या गाड्या जुळवल्या जात. पन्नाशीच्या दशकात इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० इथे तयार होऊ लागली. पुढे तिचंच ‘डिलाइट’ झालं, १९७२ मध्ये ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ मध्ये चित्तोडच्या राणीवरून ‘पद्मिनी’. नावं बदलली, तरी लोक शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. पुण्याशी कंपनीचं नातं चिंचवडच्या कारखान्याचं. तिथे यंत्रं बनत.

आता ताकदीचं बोलू. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. अश्वशक्ती चाळीसच्या आसपास, गाडीचं रिकामं वजन नऊशे किलोंच्या घरात. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ची ताकदही जवळपास एवढीच होती, पण ती अंगाने सुमारे अडीचशे किलोंनी हलकी. आजची साधी लहान गाडी पद्मिनीच्या दुप्पट ताकदीची असते. चार माणसं, डबे, पाण्याचे कॅन भरून पद्मिनी चढाला लागते तेव्हा तिच्याकडे राखीव असं फार काही उरत नाही.

मालकांना मी काका-काकू म्हणतो. गाडीची निगा काकांकडे, घाटात स्टिअरिंग काकूंकडे. ही विभागणी त्यांच्या लग्नाइतकी नसली तरी बरीच जुनी आहे. काकूंचा कान तीक्ष्ण आहे. इंजिन जड झाल्याचं काकांना गरमीच्या काट्यावरून कळतं, काकूंना त्याच्या आधी आवाजावरून. हँडल गिअरवर त्यांचा हात अलगद पडतो. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, त्यामुळे चालत्या गाडीत तो घालायचा तर क्लच दोनदा दाबून, मध्ये रेस देऊन घालावा लागतो. हे त्या बोलता बोलता करतात.

पण या गाडीत मला खरं गुंतवलं ते इंजिनच्या कुशीला लावलेल्या तळहाताएवढ्या पेट्रोल पंपाने आणि तो दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी. सगळे त्यांना चाचा म्हणतात. नाव छापायला त्यांनी नको म्हटलं. त्यांचं गॅरेज पूर्व भागातल्या एका पेठेत आहे. सुट्या भागांसाठी नाना पेठेचा बाजार पायी गाठता येतो, आणि तिथे न मिळालेली वस्तू शोधायला बुधवारी-रविवारी जुना बाजार आहेच.

पंपाचं काम ऐकायला सोपं आहे. पेट्रोलची टाकी मागे, इंजिन पुढे. मधलं सगळं अंतर पेट्रोल ओढून आणायचं. कॅमशाफ्टवरचा एक उंचवटा फिरता फिरता पंपाचा दांडा दाबतो, दांडा आतला पडदा खाली ओढतो, पोकळी तयार होते आणि पेट्रोल येतं. स्प्रिंग पडदा वर ढकलते, पेट्रोल कार्बोरेटरकडे जातं. एक झडप आत घेणारी, एक बाहेर सोडणारी. वीज नाही, सेन्सर नाही.

गंमत त्याच्या बसवणुकीत आहे. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये उष्णता अडवणारा एक ठोकळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पॅकिंग असतं. पॅकिंग जाड झालं की दांडा पुरता दाबला जात नाही आणि चढावर पेट्रोल कमी पडतं. पातळ झालं की दांडा जास्त दाबला जातो आणि पडदा लवकर फाटतो. बाजारात मिळणारं पॅकिंग चाचा तसंच कधी लावत नाहीत. कागदासारख्या पातळ शीटमधून स्वतः कापतात, बसवतात, हाताने इंजिन फिरवून दांड्याची चाल बघतात, पुन्हा उघडतात. मग पंप हातात धरून ओढीच्या तोंडावर बोट ठेवायचं आणि दांडा हलवायचा. बोट ओढलं जातं. दांडा सोडल्यावर ती ओढ किती वेळ टिकते, यावर झडप नीट बसली की नाही हे ठरतं. चाचांनी माझं बोट तिथे ठेवायला लावलं, आधी नव्या पंपावर, मग त्यांनी जुळवलेल्या जुन्यावर. नव्याची ओढ लगेच सुटली. जुन्याची इतकी टिकली की मला बोट सोडवून घ्यावं लागलं. किती असायला हवी हे कुठल्या पुस्तकात आहे का, असं विचारलं. चाचांनी स्वतःचं बोट वर केलं.

या पंपाची कसोटी घाटात लागते. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या थोडी वर आहे, पाचगणी जवळपास तेराशे मीटरवर. म्हणजे डझनभर किलोमीटरच्या रस्त्यात साडेपाचशे मीटरहून अधिक चढ. भरलेली गाडी बाराशे किलोंची धरली, तर ती नुसती वर उचलायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी काढायला असल्या इंजिनाला सुमारे एक लिटर पेट्रोल जाळावं लागतं. कारण इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा हिस्सा चाकांना देतं. बाकी सगळी उष्णता, धुरांड्यातून आणि रेडिएटरमधून बाहेर टाकायची. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ताशी पंचवीस-तीसने चढते, म्हणजे इंजिन जोरात फिरतं आणि समोरून येणारा वारा मात्र मंद असतो. बॉनेटखाली उष्णता साठते. वर हवाही विरळ होत जाते, त्यामुळे ताकद घटते आणि पेट्रोल कमी तापमानालाही उकळू लागतं. नळीत वाफ झाली की पंप पेट्रोलऐवजी वाफच दाबत बसतो. वाफ दबते, पुढे सरकत नाही. गाडी दोन-तीन आचके देते आणि थांबते. यालाच व्हेपर लॉक म्हणतात.

आम्ही निघालो तेव्हा ऑक्टोबरचं ऊन होतं. नव्या बोगद्याने न जाता काकूंनी कात्रजचा जुना घाट घेतला, कारण तिथे गाडीचा दिवस कसा जाणार ते कळतं. खंबाटकी चढून सुरूर फाट्याला महामार्ग सोडला. वाईत चहा झाला, रेडिएटरचं पाणी आणि फॅन बेल्टचा ताण बघून झाला. पुढे पसरणी गाव लागतं, शाहीर साबळ्यांचं जन्मगाव. गाव मागे पडलं की घाट सुरू होतो.

या वेगाने मी हा घाट पूर्वी कधी चढलो नव्हतो. दारांच्या त्रिकोणी काचा उलट्या वळवल्या की वारा थेट अंगावर येतो. उतारांवर सोनकी पिवळीधमक फुललेली होती. एका वळणावर खाली वाईचे वाडे आणि कृष्णेचा पट्टा दिसतो, पुढच्या वळणावर पांडवगड, मग मांढरदेवाचा डोंगर, मग धोमचं पाणी. मोठ्या गाडीत हे सगळं एका दमात मागे जातं. इथे प्रत्येक वळणाआधी काकू गिअरचा विचार करत होत्या, आणि त्या विचारात मीही सामील झालो होतो: समोरचा चढ केवढा, वळण आतल्या बाजूने जातं की बाहेरून, मागे किती गाड्या तुंबल्या आहेत. रस्ता रुंद झाला की काका हात बाहेर काढून मागच्यांना पुढे जायला सांगत. कुणी हॉर्न वाजवत जाई, कुणी मोबाइलवर गाडीचा फोटो काढत जाई. ताकद अपुरी असल्यामुळे या दोघांना घाटाची दखल घ्यावी लागते; म्हणून त्यांना प्रत्येक वळण पाठ आहे, कुठे सावली आहे, कुठे झरा कधीपर्यंत वाहतो हेही.

अर्ध्या वाटेवर आचके आले. काकूंनी घाई न करता गाडी सावलीत घेतली. काकांनी बॉनेट उघडलं, जुन्या धोतराचा तुकडा पाण्यात भिजवून पंपावर गुंडाळला. रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. तापलेलं झाकण उघडलं की उकळतं पाणी अंगावर येतं. डबा निघाला, थालीपीठं झाली. मग पंपाच्या हातदांडीने पेट्रोल वर घेतलं आणि गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. चाचांनी पंप बसवल्यापासून घाटात असं एकदाच थांबावं लागतं, पूर्वी तीन-चारदा लागे, असं काका म्हणाले. उतरताना पुन्हा दुसराच गिअर, कारण चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ते तापले की धरत नाहीत.

आता अडचणी. त्या ऐकल्यावर मला या गाडीपेक्षा या प्रवासाची काळजी वाटू लागली.

पहिली अडचण पेट्रोलची. देशभर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. उसाच्या पट्ट्याला त्याचा फायदा आहे आणि परकीय तेलावरचं अवलंबित्व कमी होणं मोलाचं आहे. पण इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि कडक करतं, हवेतला ओलावा शोषतं. त्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे कार्बोरेटरचे जुने जेट लहान पडतात, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं. मिश्रणाची वाफही लवकर होते. म्हणजे ज्या पंपाशी चाचा इतकी वर्षं झगडले, त्याच्याच वाटेत नवे अडथळे. आता ते रबराच्या नळ्या बदलून इथेनॉलला टिकणाऱ्या घालतात, जेट एक माप मोठा करतात. पडदा मात्र टिकाऊ मिळत नाही. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल आणलं, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांचं पेट्रोल पंपावर राहू दिलं. पुण्यासारख्या शहरात दोन-तीन पंपांवर तशी सोय करणं अशक्य नाही.

दुसरी अडचण कागदांची. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडीची तपासणी, पर्यावरण कर आणि नोंदणीचं नूतनीकरण. मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झालं, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये १०,०००. काका ते भरतात. तपासणीलाही त्यांचा विरोध नाही. ब्रेक आणि धूर तपासलेच पाहिजेत, असं ते स्वतः म्हणतात. पेच पुढे आहे. पन्नास वर्षं पूर्ण केलेल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. अगदी पहिल्या पद्मिनी त्या वयाला पोचल्या आहेत. पण व्हिंटेज गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढीच मुभा. थालीपीठं घेऊन पाचगणीला जाणं त्या यादीत बसत नाही. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना वेगळी नंबर प्लेट मिळते आणि त्या रस्त्यावर मोकळ्या फिरतात. कडक तपासणी आणि वर्षाला ठरावीक किलोमीटर, अशी मधली वाट आपल्याकडेही काढता येईल.

तिसरी अडचण हातांची, आणि मला ती सगळ्यांत मोठी वाटते. चाचांचा मुलगा गाड्यांच्या शोरूममध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर आहे. तो कॉम्प्युटर जोडून दोष शोधतो, उत्तम काम करतो, वडिलांना त्याचा अभिमान आहे. पण पंपाच्या तोंडावर बोट ठेवून ओढ ओळखणं त्याला येत नाही आणि येण्याची गरजही पडलेली नाही. पडदे करून घेता येतील, पेट्रोलचा मार्ग निघेल, नियमही बदलता येतील. पॅकिंग किती जाडीचं कापायचं हे मात्र सध्या एका माणसाच्या बोटांत आहे.

पुण्यात मोटारीचं काम शिकवणाऱ्या आयटीआय आणि पॉलिटेक्निक आहेत. १९६६ पासून वाहनसंशोधन करणारी एआरएआय आहे. यांपैकी एखाद्या संस्थेने दोन विद्यार्थी काही महिने चाचांच्या हाताखाली बसवावेत. दांड्याची चाल मायक्रोमीटरने मोजावी, पंपाची ओढ गेजवर घ्यावी, पॅकिंगची मापं लिहून काढावीत, मराठीत छापावीत. खर्च एखाद्या चर्चासत्राच्या जेवणावळीपेक्षा कमी येईल. मी चाचांना विचारलं, शिकवाल का? ते म्हणाले, मुलांना सकाळी नऊला पाठवा, आणि हात काळे करायची तयारी आहे का तेवढं आधी विचारून घ्या.