चूल थांबली, तरी जेवण थांबू नये



ज्या व्यासपीठावर राज्यघटनेपासून ज्ञानेश्वरीपर्यंतच्या विषयांची चर्चा व्हावयाची, तेथे उभे राहून जेवणाच्या डब्याविषयी बोलायचे म्हणजे थोडे धाडसच. परंतु येथे बसलेल्या कित्येकांच्या घरी हा प्रश्न आज आहे आणि उरलेल्यांच्या घरी तो उद्या येणार आहे. हात थकतात, गुडघे कुरकुरतात, डोळ्यांना नीट दिसत नाही. किंवा दोघांपैकी एकच मागे उरते आणि एकट्यासाठी चूल पेटवण्याचा उत्साह राहत नाही. अशा वेळी दोन्ही वेळा चांगले, पोटभर आणि अंगी लागेल असे तयार अन्न मिळवावे कोठून, आणि ते चांगले आहे हे ओळखावे कसे, एवढाच आजचा विषय आहे.

माझी एक मावशी पुण्यात एकटी राहत असे. चाळीस वर्षे तिने दहा-बारा माणसांचे घर एकहाती रांधून जेवू घातले. सत्तरी उलटली आणि बोटांना संधिवाताने धरले. कणीक मळवेना, कुकरचे झाकण फिरवता येईना. मी दर रविवारी फोनवर 'जेवलीस का?' म्हणून विचारी आणि 'हो रे, झालं केव्हाच' असे ठरलेले उत्तर येई. एकदा न कळवता भर दुपारी गेलो, तर बशीत चहात बुडवलेली खारी. तुरीच्या डाळीच्या डब्याला महिनाभर हात लागलेला नव्हता. मी म्हणालो, 'मावशी, डबा का लावत नाहीस?' ती म्हणाली, 'अरे, जन्मभर मी लोकांना वाढलं. आता परक्याच्या हातचं खाऊ? त्यापेक्षा ही खारी बरी.'

तिला पैशांची अडचण नव्हती. डबा लावला म्हणजे आपण हरलो, असे तिच्या मनाने घेतले होते. आणि अशी मनःस्थिती असलेली माणसे थोडीथोडकी नाहीत. चहा, खारी, बिस्किटे आणि मधूनच एखादे केळे यांवर दिवस निघतात. भूकही हळूहळू मरते, म्हणून उपासमार होते आहे हे कळत नाही. पण शरीर आपला हिशेब सोडत नाही. आधी दंडावरचे आणि मांडीवरचे मांस झडते, मग उठता-बसता आधार लागतो, आणि एके दिवशी न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडते. त्या घसरण्याचे खापर आपण ओल्या फरशीवर फोडतो. पण त्याचे मूळ पुष्कळदा सहा महिने आधीच्या रिकाम्या ताटात असते.

तयार अन्न ही नवी गोष्ट नव्हे

तयार अन्न म्हटले की आपल्याकडे नाके मुरडण्याची रीत आहे. परंतु आपल्या आजीच्या फडताळात काय होते ते आठवा. सातूचे पीठ पाण्यात कालवून गूळ घातला की खाणे तयार. मेतकूट होते, थालीपिठाची भाजणी होती, शेवया होत्या. प्रवासाला निघताना दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या बांधून दिल्या जात. धान्य भाजले की त्यातले पाणी उडते, दाणा बराचसा शिजतो आणि पीठ टिकते. ज्या दिवशी चुलीपाशी उभे राहणे होणार नाही, त्या दिवसाची तरतूद शहाण्या गृहिणीने आधीच करून ठेवलेली असे.

परक्या हातचे अन्नही आपल्याला नवे नाही. वार लावून आणि माधुकरी मागून शिकलेल्या विद्यार्थ्यांनी या पुण्याचे नाव मोठे केले. मुंबईच्या गिरणगावात गावाहून एकटे आलेले कामगार ज्या बायकांच्या खाणावळीत जेवत, त्या बायकांनीच ती गिरणी चालवली असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. अशा खाणावळवाल्या स्त्रियांची संघटना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' या नावाने उभी केली. मुंबईच्या डबेवाल्यांची परंपरा तर १८९० च्या सुमारापासूनची सांगतात. ते स्वतः रांधत नाहीत, रांधलेले पोहोचवतात; पण घरचे अन्न घराबाहेर बसूनही खाता येते हे त्यांनी साऱ्या शहराला पटवले. तेव्हा डबा लावणारा माणूस काही नवा पायंडा पाडत नाही. तो जुन्याच वाटेने जातो.

डबा कसा पारखावा

पहिली वाट अर्थात डब्याची. डबा ठरवताना आपण 'महिन्याचे किती?' हा प्रश्न प्रथम विचारतो. तो जरूर विचारावा, पण तिसरा. पहिला प्रश्न हा की, स्वयंपाक किती वाजता होतो आणि डबा दारात किती वाजता येतो?

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. शिजवलेले अन्न ५ अंश सेल्सिअसपेक्षा थंड किंवा ६० अंशांपेक्षा गरम असले, तर त्यात जंतूंची वाढ फारशी होत नाही. मधल्या कोमट अवस्थेत ती झपाट्याने होते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की, शिजवलेले अन्न साध्या हवेत दोन तासांहून अधिक ठेवू नये. भाताच्या बाबतीत तर विशेष जपावे. तांदळात एका जातीच्या जंतूंची बीजे असतात. ती उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ती अंकुरतात, आणि त्यांनी निर्माण केलेले एक विष पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. सकाळचा भात रात्री फोडणीला टाकला की शुद्ध झाला, ही समजूत म्हणूनच धोक्याची आहे. डबा आला की रात्रीसाठी ठेवायचा भाग लगेच काढून फ्रिजमध्ये ठेवावा आणि खाताना चांगली वाफ येईपर्यंत गरम करावा. वैशाखात हा नियम दुप्पट कसोशीने पाळावा.

दुसरा प्रश्न परवान्याचा. अन्नसुरक्षेचा कायदा २००६ साली झाला, आणि घरातून डबे देणाऱ्या बाईंनाही त्याखाली नोंदणी करावी लागते. नोंदणीचा क्रमांक १४ आकडी असतो. तो असला म्हणजे आमटी चविष्ट होते असे नाही. पण विचारल्यावर जी बाई तो क्रमांक चटकन दाखवते, ती आपल्या कामाकडे काम म्हणून पाहते, एवढे समजायला हरकत नाही.

त्यानंतर पैसे, आणि तेही एकदम महिन्याचे न देता आठ दिवसांचे द्यावेत. या आठ दिवसांत तीन गोष्टी पाहाव्यात. भाजी वाटीत काढून वाटी तिरकी करावी. तेल वेगळे वाहू लागले तर त्या भाजीत भाजीपेक्षा फोडणी अधिक आहे. वरण चमच्याने ढवळावे. डाळ शोधावी लागत असेल तर ते वरण नसून हळदीचे पाणी आहे. आणि आठवड्यात बटाटा किती वेळा आला ते कॅलेंडरवर मांडावे. माझ्या एका स्नेह्याने असा हिशेब ठेवला, तेव्हा सात दिवसांत पाच वेळा बटाटा निघाला. त्याने डबा बदलला नाही, फक्त तो कागद डबेवाल्या बाईंना दाखवला. दुसऱ्या आठवड्यात दुधी, पालक आणि मटकीची उसळ आली.

उसळीचा आणि वरणाचा मी आग्रह धरतो, त्याला कारण आहे. उतारवयात मांस झडू नये म्हणून प्रथिने पोटात जावी लागतात. निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम, असे आपल्या देशातले आहारशास्त्रज्ञ सांगतात. पन्नास किलो वजनाच्या माणसाला म्हणजे रोज ४० ग्रॅमच्या थोडे वर. आता ३० ग्रॅम डाळीचे दाट वरण केले तर त्यातून ६ ते ७ ग्रॅम मिळतात. साधारण तितकेच एका पेलाभर दुधातून किंवा एका अंड्यातून मिळतात. चहा-खारीने हा आकडा गाठता येणार नाही, हे सांगायला गणिती नको. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी मात्र हे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

पाकिटातले जेवण

दुसरी वाट दुकानातल्या पाकिटांची. महिनोन्महिने न नासणारी आमटी पाहून 'यात काय औषधे घातली असतील कोण जाणे' असे आपण म्हणतो. खरी गोष्ट अधिक मनोरंजक आहे. फ्रान्समधल्या निकोला आपेर नावाच्या आचाऱ्याने अन्न बरणीत भरून, बूच घट्ट बसवून, बरणी उकळत्या पाण्यात ठेवली की ते टिकते, हे शोधून काढले आणि १८१० साली सरकारकडून १२,००० फ्रँकचे बक्षीस मिळवले. ते का टिकते हे त्याला ठाऊक नव्हते. त्याचा उलगडा व्हायला पाश्चर यावा लागला. आजच्या पाकिटाचे तत्त्व तेच आहे. पदार्थ पाकिटात घालून ते सीलबंद करतात आणि दाबाखाली सुमारे १२१ अंशांपर्यंत तापवतात. ते यंत्र म्हणजे आपल्या कुकरचाच थोरला भाऊ. या उष्णतेने चिवट बीजेही मरतात, आणि पाकीट बंद असल्याने नवे जंतू आत शिरत नाहीत. आपल्या सैनिकांसाठी अशा शिधेवर म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने पुष्कळ काम केले. ती प्रयोगशाळा १९६१ साली स्थापन झाली. अर्थात पाकीट फुगलेले किंवा कोठे फुटलेले असेल तर मोह न धरता टाकून द्यावे, आणि एकदा उघडल्यावर ते घरच्या आमटीइतकेच नाशवंत समजावे.

म्हणजे भीती औषधांची नाही. विचार करायचा तो मिठाचा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे. पाकिटावर मात्र मीठ न लिहिता 'सोडियम' लिहिलेले असते, आणि तेही बहुधा दर १०० ग्रॅमला. येथे साधा गुणाकार करावा. समजा, १०० ग्रॅममध्ये ४०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे आणि पाकीट ३०० ग्रॅमचे आहे. पूर्ण पाकिटात १,२०० मिलिग्रॅम झाले. त्याला अडीचने गुणले की मीठ निघते : ३ ग्रॅम. दिवसाच्या मर्यादेतला निम्म्याहून अधिक वाटा एका वाडग्यात संपला. रक्तदाब असलेल्यांनी हा गुणाकार दुकानात उभ्याउभ्याच करावा. अक्षरे बारीक असतात, तेव्हा भिंग पिशवीत असू द्यावे.

पाकिटावरची दुसरी वाचण्यासारखी ओळ घटकांची. कायद्याने घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पाकिटावर चित्र डाळीचे, पण यादीत पाणी, तेल, कांदा यांच्यामागून डाळ येत असेल, तर आपण डाळ विकत घेत नाही, हे ओळखावे.

अर्धा स्वयंपाक

तिसरी वाट मला सर्वांत शहाणपणाची वाटते. सगळे स्वतः करायचे किंवा काहीच करायचे नाही, असा हट्ट कशाला? ज्या कामाने हात दुखतात तेवढेच काम बाहेर द्यावे. कणीक मळवत नाही, तर पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून आणाव्यात. पण वरणभात घरी लावावा. चिरता येत नाही, तर निवडून चिरलेली भाजी घ्यावी; फोडणी आपली असू द्यावी. मोड आलेली कडधान्ये बाजारात मिळतात. दात नसतील तर पोळी गरम वरणात कुस्करून घ्यावी. आणि ज्या दिवशी काहीच होणार नाही, त्या दिवसासाठी सातूचे पीठ, मेतकूट आणि एखादे पारखलेले पाकीट फडताळात असावे. अशाने भाताच्या वाफेचा आणि मोहरीच्या तडतडीचा वास घरात राहतो, आणि मेलेली भूक पुष्कळदा त्या वासानेच जागी होते.

आता मावशीचे काय झाले ते सांगून संपवतो. मी तिच्याशी वाद घातला नाही. मी म्हणालो, 'मावशी, मला या गल्लीत एक डबा चांगला आहे की नाही ते पारखून हवंय. तू आठ दिवस खा आणि सांग.' तिने खाल्ला. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन आलेल्या मुलाबरोबर तिने निरोप धाडला, 'आमटीत गूळ आधी घालू नका म्हणावं, डाळ नीट मिळून येऊ दे.' दुसऱ्या आठवड्यात त्या बाई स्वतः आल्या आणि गोड्या मसाल्याचे प्रमाण लिहून घेऊन गेल्या. त्यानंतर मी कधी फोन केला की, 'जेवलीस का?' या प्रश्नाला दोन शब्दांत उत्तर येईनासे झाले. कोणती भाजी होती आणि तिच्यात काय चुकले, हे सविस्तर ऐकावे लागे. वजनही हळूहळू भरून आले.

तिच्या हातून कणीक गेली होती. पारख गेलेली नव्हती. चांगले कोणते आणि वाईट कोणते हे ओळखणे हा स्वयंपाकाचा अर्धा भाग आहे, आणि तो बोटे वाकडी झाली तरी करता येतो. तेव्हा ज्यांच्या घरी असे वडीलधारे माणूस आहे, त्यांनी 'जेवलात का?' एवढेच विचारू नये. 'काय जेवलात?' असे विचारावे, आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे.