पाळीतील वेदनाशामक आणि गर्भनिरोधक गोळी : एकत्र घेणे कितपत सुरक्षित?

मासिक पाळीत ओटीपोटात कळा येऊ लागल्या की औषधाच्या दुकानातून एखादी गोळी आणून घेणे, ही आपल्या देशातील असंख्य स्त्रियांची सवय आहे. त्यांपैकी काहीजणी संततिनियमनासाठी संप्रेरकयुक्त गोळ्याही घेत असतात. ही दोन्ही औषधे एकाच वेळी चालतात का, ही शंका मनात येते. पण ती विचारण्याचा संकोच वाटतो.

शंकेच्या पहिल्या भागाचे उत्तर दिलासा देणारे आहे. पॅरासिटॅमॉल, इबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड यांमुळे गर्भनिरोधक गोळी निष्प्रभ होत नाही. तिचा प्रभाव घटविणारी औषधे वेगळी आहेत. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन, तसेच अपस्मारावरील फेनिटॉइन व कार्बामाझेपिन ही त्यांतील प्रमुख होत.

पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांमुळे गर्भाशय आकुंचन पावते व कळा येतात. इबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड यांसारखी औषधे या द्रव्यांची निर्मिती रोखतात. गर्भनिरोधक गोळीमुळे हे अस्तरच पातळ राहते. म्हणून ती घेणाऱ्या बहुतेक स्त्रियांच्या वेदना मुळातच कमी होतात.

खरा प्रश्न रक्ताच्या गुठळ्यांचा आहे. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांमुळे शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका काहीसा वाढतो. डेन्मार्कमधील सुमारे २० लाख स्त्रियांच्या नोंदींवर आधारित एक अभ्यास २०२३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. संप्रेरके न घेणाऱ्या स्त्रियांत इबुप्रोफेनच्या वर्गातील वेदनाशामकाच्या पहिल्या आठवड्यात दर १ लाखामागे सुमारे ४ जादा घटना आढळल्या. लेव्होनॉरजेस्ट्रेलसारखे घटक असलेल्या संयुक्त गोळ्यांच्या गटात हे प्रमाण ११, तर ड्रॉस्पायरेनोन, डेसोजेस्ट्रेल आदी घटकांच्या गटात २३ होते. केवळ प्रोजेस्टिन असलेल्या गोळ्यांबाबत अशी चिंता फारशी दिसली नाही. सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळणारी 'माला-एन' गोळी लेव्होनॉरजेस्ट्रेल प्रकारातील आहे.

हे आकडे लहान आहेत. निरोगी तरुणीने दोन-तीन दिवस वेदनाशामक घेतल्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र पूर्वी गुठळी झालेली असल्यास, कुटुंबात तसा इतिहास असल्यास, धूम्रपान किंवा अतिस्थूलता असल्यास डॉक्टरांना विचारल्याखेरीज हा मेळ घालू नये. अशांसाठी पॅरासिटॅमॉल व गरम पाण्याची पिशवी हा अधिक सुरक्षित पर्याय ठरतो.

आणखी एक बाब सहसा लक्षात येत नाही. अतिरक्तस्रावासाठी आपल्याकडे मेफेनॅमिक ॲसिडसोबत ट्रानेक्सामिक ॲसिड असलेली गोळी मिळते. ट्रानेक्सामिक ॲसिड रक्ताची गुठळी विरघळू देत नाही. त्यामुळे संयुक्त गर्भनिरोधक घेणाऱ्या स्त्रियांना ते वर्ज्य असल्याचे अमेरिकेतील माहितीपत्रकात नमूद आहे. म्हणूनच गोळीच्या पाकिटावरील घटक वाचणे आवश्यक आहे.

मेफेनॅमिक ॲसिड हे कायद्याने चिठ्ठीवर द्यावयाचे औषध असूनही ते सर्रास विकले जाते. त्यामुळे क्वचित ताप, अंगावर पुरळ व अंतर्गत अवयवांना इजा अशी गंभीर प्रतिक्रिया उद्भवू शकते, असा इशारा भारतीय औषधकोश आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला होता.

वेदनाशामक जेवणानंतर घ्यावे. एकाच वर्गातील दोन औषधे एकत्र घेऊ नयेत. दमा, जठरव्रण वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी सल्ला घ्यावा. एका पायाला सूज व पोटरीत वेदना, अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे ही लक्षणे दिसताच तत्काळ रुग्णालय गाठावे.

गर्भनिरोधक गोळी नियमित घेऊनही दर महिन्याला वेदनाशामकाची गरज भासत असेल, तर एंडोमेट्रिओसिससारखा विकार त्यामागे असू शकतो. अशा वेळी गोळ्यांची संख्या वाढविण्याऐवजी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घेणेच हिताचे आहे.